पलंगाखालचा गारवा

सकाळी सहाला मी चार कौलं बादलीत बुडवतो.
खानापूरची, जुनी. लाल माती पाणी पिते
तेव्हा बारीक बुडबुडे सोडते,
खाली कुणी विचार करत बसल्यासारखे.
दहाला दोन काढायची, पलंगाखाली सरकवायची.
त्यांवर कुंदा बसतो. मांडा बसत नाही.
तिला कोरडी फरशीच हवी, तीही भिंतीकडची.

नावं भाग्यानं ठेवलेली. तपकिरी तो कुंदा, पांढरी ती मांडा.
नर्सिंगला धारवाडला गेली
आणि जाताना वहीच्या पानावर लिहून गेली:
पाण्यात घालायचं नाही.
पंखा थेट अंगावर सोडायचा नाही.
कान बघायचे.

कान बघायचे म्हणजे काय, ते मला एप्रिलात कळलं.
उजेडाकडे धरला की आत शिरा दिसतात,
तलम सुतात रंगीत धागा चुकून आलेला असावा तशा.
ऊन चढलं की फुगतात.
ह्या जनावराला आपल्यासारखा घाम नाही,
अंगातली धग ते कानांतून बाहेर टाकतं.
मी बोट ओलं करून मागच्या बाजूनं फिरवतो,
मुळापासून टोकाकडे,
तेहतीस वर्षं तुटलेला धागा सांधलेलं बोट.

उकाडा मला नवा नाही.
मागावर सूत कोरडं पडलं की तटातट तुटतं,
म्हणून आम्ही खाली पाणी शिंपडत आलो,
सुतासाठी.
डोक्यावर पत्रा आहे हे इतकी वर्षं ध्यानातच नव्हतं.
यंदा वर चढून चुना मारला.
परसू खालून ओरडला, "काय गा, लगीन हाय काय घरात?"
सशांना उकडालंय, म्हणालो नाही.
"पत्रा गळालाय," म्हणालो.

खिडकीला ओली साडी लावतो,
काठ चुकला म्हणून व्यापाऱ्यानं परत पाठवलेली.
मांडानं तिचा एक कोपरा कुरतडला.
नेमका चुकलेलाच.

फ्रीज आमच्यात नाही. ईरव्वाच्या फ्रीजमध्ये
दुधाच्या पिशवीशेजारी माझ्या दोन बाटल्या गोठत असतात.
अकराला ती एक आणून देते,
मी ती भाग्याच्या शाळेतल्या मोज्यात घालतो,
आणि कुंदा नि मांडाची हद्द त्या मोज्यापाशी मिळते.
"मोल ह्यांग अदाव?" ईरव्वा दारातून विचारते.
कन्नडात सशाला मोल म्हणतात, मला ठाऊक आहे,
जन्म ह्याच गल्लीत गेला.
तरी कानाला आधी आपलंच मोल ऐकू येतं,
काय दर, कितीला पडले, असं.
क्षणभर मी खरंच हिशेब करतो.
मग म्हणतो, "चलो अदाव."

सोमवारी पावणेदोनला लाईट गेली.
वडगावातले सगळे माग एकदम गप्प,
आणि त्या गप्पपणात मी पलंगाखाली वाकलो तर
मांडा आडवी.
पाय ताणलेले, डोळा अर्धा उघडा, पोट वर.
पोटावरच सरपटत आत गेलो,
ह्या पलंगाखाली कधी गेलो नव्हतो.
कानाला बोट लावलं.
गार होता.
तिनं माझ्याकडे बघितलं, एक लाथ मारली, पुन्हा डोळा मिटला.

फोनवर भाग्या हसत सुटली.
"बाबा, ती झोपल्या.
सुख झालं की धाडकन अशीच पडतात ती."

मला कुणी हे वहीत लिहून दिलं नव्हतं.

लगेच बाहेर निघणं जमलं नाही, कंबर धरली होती.
म्हणून गाल ओल्या कौलावर टेकला.
कुंदानं जरा जागा दिली, किंवा नुसता सरकला.
थोड्या वेळानं लाईट आली, गल्लीतले माग
एकामागून एक बोलायला लागले.
माझा बंदच होता.
दारातून कुणी हाक मारली, परसूच असणार.
मी ओ दिली नाही.

मोज्यातली बाटली वितळत आली होती.
चारला ती परत द्यायची.