मागच्या खोलीची किल्ली

मिरजेत स्टेशनाकडून आलात
की दवाखान्याची लांब भिंत संपते तिथं आमचं चर्च,
आणि चर्चच्या मागं ही खोली.
एकतीस वर्षं किल्ली माझ्याकडं.
आत काय? कागद फाटलेला नाताळचा तारा,
भाता गळणारी पेटी,
पुराच्या वर्षी कृष्णाघाटावर वाटून उरलेल्या
सात घोंगड्या.
मी हे सगळं राखत होतो.

रिबका आवळे आली मार्चमध्ये.
आई दवाखान्यात आया, कायमची रात्रपाळी.
घर एका खोलीचं, भिंत सामाईक,
टीव्ही शेजारच्यांचा, आवाज दोघांचा.
म्हणाली, काका, संध्याकाळी किल्ली द्या,
आम्ही अकरा जण आहोत, अभ्यासाला.
मी म्हणालो, कमिटीला अर्ज कर.
मला वाटलं, करायची नाही.

तिनं केला.
ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नव्हती त्यात.
मी शोधली दोनदा.

कमिटीत आम्ही नऊ जण,
सर्वांत लहान एकसष्ट वर्षांचा.
ती उभी राहिली. आवाज फुटेना.
पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
मग हात पाठीमागं घेतले,
रविवारी शास्त्रपाठ वाचताना घेते तसे,
आणि त्याच आवाजात म्हणाली,
"बाराव्या वर्षापासून मी तुमच्यापुढं उभी राहून
दुसऱ्यांचे शब्द वाचते.
आज माझे आहेत.
चार मिनिटं लागतील."

आपल्या मंडळीत दहावी झालेली किती,
अकरावीत गळालेली किती,
शिष्यवृत्तीची तारीख उलटल्यावर
कुणीतरी येऊन सांगितलं, अशी किती.
शेवटच्या आकड्यात माझा नातू होता.
तिनं नाव घेतलं नाही.
मी पेटीकडं बघत बसलो.

मग शद्रखचं.
रिक्षावाल्या अमोसचा मोठा, मान खाली घालून चालणारा.
दाखल्यासाठी कचेरीत गेला,
तर खिडकीतून प्रश्न आला:
ख्रिश्चन काय? बरं, मूळचे कुठले तुम्ही?
परत आला. बोलला नाही कुणाशी.
मला ती खिडकी ठाऊक आहे.
तेव्हा तिला गज होते, आता काच आहे.
मी त्या खिडकीशी तीनदा "बरं साहेब" म्हणून
सायकल वळवली होती,
आणि चौथ्यांदा गेलोच नाही.

वाटलं, रिबका जाईल त्याच्याबरोबर, भांडेल.
ती गेली नाही.
"दर वेळी मीच गेले तर तुम्ही काय शिकणार?"
खोलीत तिनं टेबल उभं केलं, त्यामागं स्वतः बसली,
चष्मा नाकावर ओढून साहेब झाली,
आणि त्याला पाच वेळा विचारलं, मूळचे कुठले?
पहिल्यांदा सगळी हसली.
तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.
सोमवारी तो एकटाच गेला.
"बेडगचे, साहेब. पणजोबा विहिरी खणायचे.
तुमच्या गावच्या पाण्यात आमचा घाम असेल थोडा.
दाखला कधी मिळेल, ते लिहून द्या."

लिहून मिळालं. दाखला मिळायला
अजून दोन महिने लागले, ते वेगळं.

आता किल्ली त्यांच्याकडं असते.
खिशाशी हात अजून जातो सवयीनं,
तिथं नुसतं सुताराचं बिल.

काल अकरा वाजून गेले तरी दिवा चालू.
उठलो, चपला घातल्या,
वीजबिल कोण भरणार, हे वाक्य
वाटेत दोनदा घोळवून तयार केलं.
दार शद्रखनं उघडलं.
"काका, बरं झालं. चष्मा आणलाय?
नर्सिंगचे सहा फॉर्म आहेत, नावं तपासायचीत."

रविवारशाळेचं बाक. गुडघे हनुवटीला लागतात.
पहिलाच फॉर्म माझ्या नातवाचा निघाला.
जन्मतारीख चुकवली होती गाढवानं.