नावपट्ट्या

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी
गाड्यांच्या डिक्क्यांतून उतरतात पोरी,
उश्या, हॉकीच्या काठ्या, एक सेलो,
आणि कान तुटलेला एक ससा,
जो आमचा नाहीच म्हणून सगळ्या सांगतात.

मी दारात उभी. मेट्रन.
मॉल्व्हर्नला येऊन एकोणीस वर्षं झाली,
तरी मागच्या टेकड्यांना मी डोंगरच म्हणते
आणि त्या मला मिसेस के.
खटावकर म्हणताना त्यांची जीभ
दुसऱ्याच पायरीवर अडखळते.

शाळेच्या यादीत ठळक लिहिलेलं असतं:
प्रत्येक कपड्यावर नाव, शिवलेलं, चिकटवलेलं नको.
निम्म्या आया चिकटवतात.
तिसऱ्या धुण्यात नावं सुटतात,
ड्रायरच्या जाळीवर सापडतात, भुरकट पिंजलेल्या थरात.
मी वेचून बरणीत ठेवते.
लोणच्याची होती ती. झाकणाला अजून वास आहे.

साडेनऊला फोन गोळा.
दारामागच्या कप्प्यांच्या पिशवीत
अठ्ठावीस फोन रात्रभर झोपेत बरळतात.
दहाला टोस्ट बंद.
साडेदहाला कुणीतरी रडतं,
बहुतेक वेळा नळ सोडून.
नळ किती वेळ वाहिला की दार वाजवायचं,
हे नियमांच्या पुस्तकात नाही.

नोव्हेंबरात, सुट्टीवरून परतल्यावर,
टॅम्सिन गार्थवेट धुण्याच्या खोलीत आली.
तेरा वर्षांची. हातात कचऱ्याची काळी पिशवी,
पिशवीत तिचे सगळे कपडे.
"मिसेस के, आडनाव उसवून मिळेल का?"

मी काही विचारलं नाही.
बापाच्या अक्षरातलं पाकीट
जी अक्षराच्या कप्प्यात चार दिवस
न फोडता पडलेलं मी पाहिलं होतं.

मिस प्रॉथरो म्हणाल्या, त्याचा एक फॉर्म असतो.
दोन्ही पालकांच्या सह्या लागतात.
फॉर्म येईल तेव्हा येईल.
मी सुईचा डबा काढला.

पट्टी अखंड विणलेली, लाल धाग्यात.
नुसतं उसवून भागत नाही,
टॅम्सिनच्या पुढे कापायचं,
कड आत दुमडायची, पुन्हा टीप.
त्रेचाळीस कपडे. मोज्यांच्या नऊ जोड्या
आणि एक एकटा मोजा.
तिला टाके धड जमत नव्हते,
पण उसवायला हात भारी चालायचा.

तिसऱ्या रात्री मीच बोलून गेले.
माझ्या लग्नात ताटभर तांदूळ पसरले होते,
नवऱ्याने त्यात अंगठीने लिहिलं माझं नवं नाव.
आडनावच नव्हे, पहिलंसुद्धा.
सगळे टाळ्या वाजवत होते.
त्या तांदळाचा भात झाला असेल संध्याकाळी,
कुणी जेवलंही असेल.

"आधीचं काय होतं?"
सांगितलं.
तिने दोनदा म्हणून पाहिलं.
कुठेच अडखळली नाही.

कापलेली आडनावं टाकून द्या म्हणाली.
हो म्हटलं, आणि बरणीत ठेवली.
तेरा वर्षांच्या रागाचं काय सांगावं,
मार्चमध्ये मागायलाही येईल.

डिसेंबरात पहाटे पावणेसहाला आगीची घंटा.
अठ्ठावीस पोरी टेनिसच्या कोर्टावर,
गाऊनवर कोट, अनवाणी पायांत बूट,
पायाखाली कुरकुरतं हिव.
वही माझ्या हातात, जुनीच.
गार्थवेट, टी.
कुणी बोललं नाही.
मिस प्रॉथरोंनी टॉर्च वळवला.
मी आडनावावर अंगठा ठेवला
आणि पुन्हा वाचलं: टॅम्सिन.
"आहे."

आग नव्हतीच. चिदिन्माने
चोरून टोस्ट भाजला होता, कोळसा केला.
आत जाताना मोजणी पुन्हा केली,
अठ्ठावीसच भरल्या.
ससा कुणी तरी बाहेर आणला होता,
त्याला नीट काखेत धरून.