एक यू, दोन ओ

तीस वर्षं मी सोयगाव डेपोत कंडक्टर होतो.
फर्दापूर फाट्यावर गाडी थांबली
की दारात उभं राहून एकदाच ओरडायचो, लेणीऽऽ, लेणी,
आणि झोपलेली माणसंसुद्धा उतरायची.

आता वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत,
फंडाच्या पैशातल्या.
पांढऱ्या चादरी, गिझर, खिडकीत डोंगर,
आणि ओरडायचं कुठं, ते कळत नाही.

धाकट्या सुनेनं, प्रणितानं, फोनवर सगळं मांडलं.
पहिल्या हिवाळ्यात माणसं आली.
भुसावळचं एक जोडपं, चित्रकलेची चार पोरं,
आणि लेणी सोमवारी बंद असतात
हे न वाचता सोमवारी आलेले एक मास्तर.
त्यांना मी दिवसभर वाघूरच्या काठानं फिरवलं,
त्या रात्रीचं भाडं घेतलं नाही.
त्यांनीच तीन तारे दिले.
खाली लिहिलं, मोर पहाटे फार ओरडतात.

कंपनीनं विचारलं,
मोरांबाबत आपण कोणती सुधारणा केली?

तेव्हापासून घर खाली सरकत गेलं.
पहिल्या पानावरून चौथ्या, चौथ्यावरून अकराव्या,
मग पानंच संपली.
भाव नऊशेचा सहाशे केला.
फोटो नवे काढले. गयाबाईनं उशांवर झेंडू ठेवले,
प्रणिता म्हणाली, उचला ते, लग्नाची खोली वाटते.
पुण्याच्या लेकीला म्हटलं, तू शोधून बघ बरं.
ती म्हणाली, आण्णा, जळगावची हॉटेलं दिसतात,
आपलं नाही.

एका रात्री दोन नंबरच्या खोलीत
त्याच कॉटवर बसून मी तीच खोली शोधली.
नकाशावरची टाचणी नदीच्या पात्रात होती.
वर पंख्याकडे बघितलं.
फिरत होता.

मग कागदपत्रं.
लाइट बिलावर माझ्या नावात एक यू,
आधारवर दोन ओ.
माझ्या आधीची दोन लेकरं गेली
म्हणून आईनं मला कडूबा म्हटलं,
मरणानं तोंडात धरून थुंकून टाकावं म्हणून.
मरण फसलं.
संगणक नाही फसला.
नाव जुळत नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

मदतीला तन्वी होती, लिहून बोलायची.
मी रोज विचारायचो, जेवलीस का?
ती लिहायची, आपली अडचण मी समजू शकते.
ती माणूस नाही, हे नवव्या दिवशी
प्रणितानं सांगितलं. लय हसली.
मला मात्र दोन दिवस उगीच चुकल्यासारखं झालं.

सतराव्या दिवशी खरा फोन आला.
खरी मुलगी. तिच्यामागे शंभर आवाज, सणाच्या स्टँडसारखे.
बारा आकडे सांगितले, दोनदा.
सर, तुमचं घर मला इकडे दिसत नाहीये.
बाई, तू कुठून बोलतेस?
ते सांगता येत नाही, सर.
मग म्हटलं, कधी आलीस तर फाट्यावर उतर,
पानटपरीवर विचार, कडूबा कंडक्टर,
कुणीही बोट दाखवील.
ती हसली की खोकली, कळलं नाही.
आणखी काही मदत करू, सर?

फोन ठेवला, तसा मेसेज आला.
तक्रार निकाली.
आमच्या प्रतिनिधीला किती तारे द्याल?

माझ्या गाडीतही तक्रारवही होती.
कुणी ती मागितली की पोटात गोळा यायचा.
खड्डा रस्त्याचा असायचा,
बिल्ला नंबर माझा लिहिला जायचा.

पाच दाबले.

सकाळी वरच्या चादरी बदलल्या,
कुणी झोपलं नव्हतं तरी.
गच्चीच्या कठड्यावर मोर बसलेला, ओरडत होता.
काहीएक सुधारणा नव्हती त्याच्यात.