उदक

एप्रिलात शाळा भरली, वाळपईच्या पलीकडे,
आणि वरून कागद आला:
सव्वानऊ, साडेदहा, पावणेबारा,
तीनदा घंटा वाजवावी,
मुलांनी पाणी प्यावे.

मी वाजवली.
आंब्याला टांगलेली लोखंडी पट्टी,
आणि बडवायला खाणीवरच्या ट्रकचा जुना बोल्ट.

एकवीस झाकणे एकदम उघडली.
एल्टनने पाण्याची मिशी काढली,
सुफियानने अर्धी बाटली शर्टाला पाजली,
दत्तगुरूने विचारले,
"बाई, त्यापेक्षा काजूचे बोंड खाल्ल्यार जाता?"
जाता, म्हटले, चालेल,
पण घसा धरला तर माझ्याकडे येऊ नकोस.

फळ्यावर मूत्रपिंड काढले,
ते हुबेहूब काजूगर झाले.
मग तेच धरून पुढे गेले:
तुमच्या प्रत्येकाच्या कमरेशी दोन काजूगर आहेत,
रात्रंदिवस तुमची धुणी धुतात,
पाणी नसेल तर बिचारे कशात धुणार?
हसले सगळे.
शू हळदीसारखी झाली तर समजा, काजूगर रुसले.
यावर इतके हसले
की शेजारच्या वर्गातून सर डोकावले.

श्रावी झर्मेकर हसली नाही.
आडनावात अख्खी झर घेऊन बसलेली पोर,
ओठ चिऱ्यासारखे खरबरीत.
घंटा झाली की बाटली तोंडाला लावायची;
मी गळ्याकडे बघायचे,
गळा हलायचा नाही.
बाराला डोके बाकावर,
आणि बाटली सकाळी आली तशी
काठोकाठ भरलेली
परत घरी.

शनिवारी त्यांच्या कुळागरात गेले.
बाबा तिचे पाट वळवत होते.
म्हणाले, पोफळ काही बोलत नाही, बाई,
आपणच शेंड्याकडे बघायचे.

परतताना साकवावर
ती माझ्याकडे न बघता म्हणाली,
"उदक पियेल्यार वचचें पडटा.
आनी थंय कडी ना."

पाणी प्यायले की जावे लागते.
आणि तिथे
कडी नाही.

पुस्तकी मराठीत उदक सोडायचे असते:
तळहातावर पळीभर,
की त्या गोष्टीवरचा आपला हक्क संपला.
हिने रोज सव्वानऊला
स्वतःच्या तहानेवर उदक सोडले होते
आणि मी वहीत हजेरी मांडत होते.

सोमवारी मुलींच्या दाराशी उभी राहिले.
कडीच्या जागी दोन भोके, त्यांतून सुतळी.
आतल्या मुलीने दार ओढून धरायचे,
सुतळीचे टोक बाहेर मैत्रिणीच्या हातात.
मैत्रीण असली तर.
मैत्रिणीने मध्येच खोडी काढली नाही तर.
मी दिवसातून तीनदा घंटा वाजवली,
हे दार एकदाही ढकलून पाहिले नाही.

वाळपईच्या बाजारात कडी पंचेचाळीस रुपयांना मिळाली.
स्क्रू त्यातच.
बाबुसो मेस्ताने बसवून दिली,
पैसे नको म्हणाला,
पाणी मागितले.

दुसऱ्या दिवशी घंटेला
श्रावीने बाटली उघडलीच नाही.
उठली, मागे गेली.
आतून कडीचा आवाज, खट्.
"ढकला, बाई."
ढकलले.
"जोरान!"
खांदा लावून ढकलले.
दार हलले नाही.
तीनदा खात्री केली तिने,
मग वर्गात येऊन
उभ्यानेच प्यायली.
पाटाचे पाणी पोफळीच्या आळ्यात शिरते
तसा एकेक घोट
गळ्यातून उतरताना दिसला.

महिनाअखेर अहवाल भरला.
घंटा किती वेळा वाजवली? तीन.
मुले पाणी पितात का? होय.
कडीसाठी रकाना नव्हता,
समासात लिहिले,
अक्षर बारीक आले.

शेवटच्या तासाला, पाढे चालू असताना,
एक हात वर.
बाटली रिकामी, उलटी धरलेली.
"बाई, घंटा नासताना पियेल्यार जाता?"

जाता गो,
जाता.