डाख

तांबट आळीत चाळीस वर्षं ठोके घातले मी.
डावा कान त्यातच गेला.
उजव्याला अजून कळतं:
खण्ण वाजलं तर भांडं धड,
भद्द वाजलं तर कुठेतरी चीर.

म्हणून डॉक्टर कोकणीबाईंनी
छातीला नळी लावून भुवया जवळ आणल्या,
तेव्हा मीच विचारलं, "भद्द वाजतंय?"
त्या हसल्या नाहीत.
"फुस्स वाजतंय, काका. झडप नीट मिटत नाहीये."

त्याआधी दोन महिने मी वयावर ढकललं होतं.
गंगेवरून वर येताना
दहीपुलापाशी थांबायचो,
दुकानांच्या पाट्या वाचतोय असं दाखवत.
रात्रीच्या उशा तीन झाल्या.
मंदाने चौथी आणून ठेवली, बोलली काहीच नाही.

मुंबई नाक्याच्या दवाखान्यात
अंगाला गार चिकट लावून पडद्यावर दाखवलं:
लाल वर चढायचं,
आणि लगेच निळ्या-पिवळ्या ठिणग्या
आल्या वाटेने परत.
"दोन पाकळ्यांपैकी एकीची दोरी तुटलीय.
निम्मं रक्त मागे फिरतंय."

निम्मं.
एका हंड्यासाठी दोन खेपा घालत होतं बिचारं,
आणि घालता घालता फुगत चाललं होतं.

"डाख देता येईल?" मी म्हणालो.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
"गोळ्यांनी पाणी उतरेल, दम कमी होईल.
गळती नाही थांबणार.
झडप नवीही बसवतात, पण तुमची शाबूत आहे.
दोरी नवी घालू. तोंड सैल झालंय,
त्याला आतून कडं शिवू.
पाकळ्या पुन्हा एकमेकींना टेकतील."

कडं!
सैल गळ्याच्या किती घागरींना घातलं असेल मी.
"पण आम्ही घागर आधी रिकामी करतो."
"आम्हीही. तेवढा वेळ हृदय थांबवतो,
रक्त मशीन फिरवतं."

यावर मला काही सुचलं नाही.
मंदाने विचारलं, "तेवढा म्हणजे किती?"

तारीख मंगळवारची मिळाली.
सोमवारी संध्याकाळी दुकान उघडलं.
कुणाचा तरी बंब राहिला होता,
थंडी तर पडलेली.
भाता मंदाने ओढला, मला दम नव्हता.
सवागी मी टाकली, डाख मी पाजला.

मग बंब काठोकाठ भरून
उंबऱ्यात ठेवला,
खाली जुना पेपर अंथरला,
आणि दोघं बसलो
कागद ओला होतो का बघत.