छाट

लाल कोंबडी खुडूक बसली तेव्हा
टोपलीत राख, राखेवर जुन्या चादरीचा तुकडा
आणि वर बारा अंडी ठेवली मी.
अकरा फुटली.
शेजारणी म्हणाल्या, नशीब काढलंस,
आता वर्षभर अंडी विकत बस.

तीन महिन्यांनी तुरे लाल व्हायला लागले.
आधी एक, मग दोन, मग रोजच.
लावण्या दप्तर फेकून परसात जायची
आणि तिथूनच ओरडायची,
"अव्वा, हा पण पुंजू!"
अकरातले आठ.
परस म्हणजे विडी घरकुलातलं, मोरीमागचं,
दोन खाटा टाकल्या की संपतं.

आठांनी पहाट वाटून घेतली नाही,
प्रत्येकाला अख्खी हवी होती.
पहिला तीनलाच सुरू व्हायचा, चिरक्या आवाजात,
शिकाऊ पोराच्या हातात लूम द्यावा तसा
मध्येच तुटायचा, परत जोडायचा.
शेजारचा अंबादास गुर्रम
टॉवेलच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येतो,
कानात खडखड तशीच घेऊन.
एकदा दारात आला. भांडला नाही.
लाल डोळ्यांनी उभा राहिला आणि म्हणाला,
"अक्का, आठ?"

मला आवाजाचं एवढं नव्हतं.
लाल कोंबडीच्या पाठीवरची पिसं गेली,
खालचं कातडं दिसायला लागलं, गुलाबी, ओरखडलेलं.
दाणे टाकले तरी ती बाहेर येईना,
खाटेखालीच बसायची.
हळद-खोबरेल लावलं,
जुन्या झंपराची बाही कापून तिच्या पाठीवर बांधली.
नवरा खूप हसला.
मी नाही हसले.

मधोमध जाळी मारून बघितली,
जाळीतून भांडले.
डालग्यावर पोतं टाकलं,
पोत्याखालून आरवले.

चाळीस वर्षं मी विड्या वळते.
हजार मोजून ब्रँचवर नेते,
चेकर कट्टा हातात घेतो,
बघतो न बघतो तोच चार मोडून टाकतो,
म्हणतो, छाट.
पान तेच, तंबाखू तोच, बोटं माझीच.
का, ते कधी सांगत नाही.

त्या रविवारी सूप मांडीवर घेऊन
मी आठांसमोर बसले.
दोनशे विड्या होईपर्यंत नुसती बघत होते.
लावण्याला सोनेरी हवा होता,
शेपूट लग्नातल्या फेट्यासारखी,
पण तो कोंबड्यांना कोपऱ्यात रेटायचा.
एक होता डोळ्याने जरा बारीक, शेपटीची दोन पिसं तुटलेली.
दाणा दिसला की कुटकुट करायचा,
चोचीत उचलायचा, खाली ठेवायचा
आणि मागे सरायचा.
लाल कोंबडी खाटेखालून अर्धी बाहेर आली.
मी म्हटलं, हा.

दोन वळसंगच्या व्याह्यांकडे गेले.
तिथे मुंगूस आहे का, मी विचारलं नाही.
तीन मंगळवारच्या बाजारात, पाय बांधून.
सोनेरी आखाडात आम्हीच खाल्ला.
लावण्याला सांगितलं, पाहुणे आले होते, त्यांनी नेला.
तिने रस्सा खाल्ला, कडक भाकरी चुरून,
हाड ताटाच्या कडेला नीट ठेवलं
आणि विचारलं, कुठल्या गावचे पाहुणे?

सातवा अंबादासनेच मागितला.
कापायला का रे?
"नाही अक्का, पाळी बदलली. सकाळची झाली.
आता उठवायला कुणीतरी पाहिजे."

का छाटले, हे मी त्या सातांना
सांगितलं असतं, तर काय सांगितलं असतं?
जागा एवढीच आहे म्हणून.
एवढंच.
चेकरकडे गेले परवा, त्याने सहा मोडल्या.
मी त्याच्या तोंडाकडे न बघता
त्याच्या बोटांकडे बघत राहिले.

लाल कोंबडीच्या पाठीवर
बाहीखालून काळे खुंट फुटलेत, टोकदार.
कालपासून ती परत खुडूक.
लावण्या अंडी मोजून टोपलीत ठेवतेय,
सात, आठ, नऊ.
मी सुपातून मान वर न काढता म्हणाले,
सहाच ठेव गं.