एकशे चौदा

“भो, बिलं निघत नाहीत.
पिवळा त्रिकोण येतो, जातो, परत येतो.”
भुसावळहून निघालो,
डिकीत क्रिंपर आणि चिवड्याची पुडी.

सावद्याच्या केळी ग्रुपचं ऑफिस.
मागल्या आठवड्यात आलेल्या राउटरवर अजून कुंकू.
बाहेर दिल्लीचा ट्रक भरून उभा,
ड्रायव्हर घडीघडी दारात.

हेमलताबाईंचा संगणक: एकशे चौदा.
त्यांची वायर काढली,
शेजारच्यावरून पिंग मारला.
उत्तर आलं.
बाई म्हणाल्या, “मी नाही बरं.”

मग एकेक वायर उपटत गेलो,
हजेरी घेतल्यासारखा.
प्रिंटर गप्प. कॅमेरा गप्प.
एकशे चौदा हजर.

शेवटची निळी वायर भिंतीतून आरपार,
पत्र्याखालून वजनकाट्याच्या खोलीत.
क्रेटांमागे एक जुनं मशीन घरघरत होतं,
पाठीवर चिकटपट्टी, स्केचपेनानं:
‘११४. बदलू नये. दि. भारंबे’

“अण्णा! रिटायर झाले की पोळ्याला.
त्यांच्याच खुर्चीवर बसते मी.”

नव्या राउटरला कोण सांगणार हे?
मोकळा दिसला तो आकडा त्यानं वाटला.
त्याला बजावलं, दोनशेच्या खाली हात घालायचा नाही.
अण्णांचं अण्णांकडे.
बाईंना दोनशे तीन.

प्रिंटर खाकरला. ट्रक हलला,
माझी पुडीही त्याच्याबरोबर गेली.

“तेवढी पट्टी द्या,” बाई म्हणाल्या.
दातांनी तोडली, मॉनिटरमागे लावली,
लिहिलं: ‘२०३. हेमलता झोपे.’
पेनाला टोपण घातलं.
परत काढलं.
‘बदलू नये.’